पाढ्यांची उजळणी : कागदावर आणि पडद्यावर

पाढे पाठ करणे ही आपल्याकडील फार जुनी रीत आहे. पंतोजींच्या शाळेत मुलांचा दिवस धूळपाटीवर सुरू होई आणि दिवेलागणीला घरोघर परवचा म्हटला जाई. दोनापासून तीसापर्यंतचे पाढे तर असतच; पण त्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी यांचीही उजळणी होई. हा सारा खटाटोप हौसेचा नव्हता. रुपये-आणे-पै आणि मण-शेर-छटाक यांच्या व्यवहारात पाव, अर्धा आणि पाऊण यांचा हिशेब तोंडावर असल्यावाचून दुकानदाराचे किंवा गिऱ्हाईकाचे भागत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी सुरू झाली, त्यानंतर मेट्रिक मापे आली, आणि अपूर्णांकांच्या पाढ्यांची निकड हळूहळू ओसरली. दोन ते दहांच्या पाढ्यांची निकड मात्र ओसरली नाही आणि ओसरण्यासारखीही नाही.

या उजळणीचे साधन मात्र पालटत आले आहे. सामुदायिक पठणाची जागा शाळांनी पुष्कळ अंशी छापील सरावपत्रिकेला दिली. एका पानावर वीस-पंचवीस उदाहरणे, प्रत्येकापुढे एक रिकामी चौकट, ती मुलाने भरायची आणि गुरुजींनी तपासायची, असे तिचे स्वरूप. आता तिच्याही जागी मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा येऊ लागला आहे. त्यावर एकेक प्रश्न उमटतो, मूल उत्तर देते, आणि ते बरोबर की चूक हे तत्क्षणी कळते. या नव्या साधनाचे गुण कोणते, उणिवा कोणत्या, आणि आईवडिलांनी ते कसे पारखून घ्यावे, याचा विचार आज आपण करणार आहोत.

प्रथम हे पाहू, की मुलाने पाठ तरी किती करावयाचे असते. शून्य ते नऊ या अंकांच्या जोड्यांचे गुणाकार शंभर होतात. पण शून्याचा आणि एकाचा गुणाकार हा नियमाने कळतो. तो पाठ करावा लागत नाही. शिवाय ६ गुणिले ८ आणि ८ गुणिले ६ यांचे उत्तर एकच, हे मुलाला एकदा उमगले की निम्मे ओझे उतरते. मग उरतात फक्त ३६ गुणाकार. त्यांतील दोनाचे म्हणजे दुप्पट, पाचाचे शेवटी शून्य किंवा पाच येणारे, आणि नवाचे दहापटीतून एकपट वजा करून मिळणारे. हे तीन पाढे मुलांना सहसा सोपे जातात. ते वगळले तर ३, ४, ६, ७ आणि ८ यांच्या आपापसांतील अवघे १५ गुणाकार राहतात. डोंगर वाटणारी गोष्ट वस्तुतः एवढीशी आहे. आणि म्हणूनच, जे येते तेच पुन्हा पुन्हा लिहून घेणारी आणि जे येत नाही त्याला इतरांइतकीच जागा देणारी पत्रिका मुलाचा बराच वेळ वाया घालवते.

पाढे यंत्राने करता येतात, मग ते पाठ कशासाठी, अशी शंका आजकाल वारंवार ऐकू येते. तिचे उत्तर भागाकारात मिळते. ३६४ ला ७ ने भागताना ज्या मुलाला सात पाचे पस्तीस हे आठवते, ते ३६ मधून ३५ वजा करते, १ उरवते, ४ खाली घेते आणि १४ ला सात दुणे म्हणून मोकळे होते. ज्याला ते आठवत नाही, ते सातसात मोजत बसते. आणि मोजणे संपेपर्यंत आपण कोठे होतो, उरले काय आणि खाली घ्यायचे काय, याचा धागा त्याच्या हातून निसटतो. माणसाची तात्कालिक स्मृती फार लहान असते. तिच्यात मोजणीही मांडायची आणि रीतही सांभाळायची, हे एकाच वेळी जमत नाही. ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार पाचवीतील सुमारे ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. या दुरवस्थेची कारणे अनेक आहेत. पण पाढ्यांचा कच्चेपणा हे त्यांपैकी एक नाही, असे कोणताही अनुभवी शिक्षक म्हणणार नाही.

तथापि पाठ होणे म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. ८ आणि ७ यांची बेरीज विचारली तर लहान मूल आधी बोटांवर मोजते. काही काळाने ते युक्ती योजते : आठात दोन घातले की दहा, उरले पाच, म्हणजे पंधरा. आणि शेवटी ‘पंधरा’ हे उत्तर विचार न करता जिभेवर येते. मोजणे, ताडणे आणि आठवणे अशा या तीन पायऱ्या होत. अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञ विल्यम ब्राउनेल आणि शार्लट शाझाल यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसरीच्या मुलांना अशाच तथ्यांचा रोज सराव दिला. सरावानंतर मुले अधिक वेगाने उत्तरे देऊ लागली खरी, पण जी मोजत होती ती बहुतांशी मोजतच राहिली. ती अधिक चपळाईने मोजू लागली एवढेच. नुसत्या सरावाने मूल एका पायरीवरून दुसरीवर चढत नाही, हा त्या अभ्यासाचा धडा होता. तो कागदाला जितका लागू आहे, तितकाच पडद्यालाही लागू आहे. ६ गुणिले ७ म्हणजे सहांचे सात गट, हे चिंचोके मांडून ज्याने पाहिले नाही, त्याच्यापुढे कितीही रंगीत पडदा धरला तरी त्याला फळ येणार नाही.

आता कागदाची खरी उणीव कोणती ते पाहू. ११ नोव्हेंबर १९५३ रोजी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या धाकट्या मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून जाऊन बसले होते. मुले गणिते सोडवीत होती. काहींचे काम केव्हाच संपले होते व ती कंटाळली होती, काही अडून बसली होती. आपले उत्तर बरोबर आहे की चूक, हे मात्र त्यांच्यापैकी कोणालाही दुसऱ्या दिवसापर्यंत कळणार नव्हते. चूक आणि तिची दुरुस्ती यांत एवढे अंतर पडले तर मूल त्या मधल्या काळात चुकीचेच उत्तर घट्ट करते, हे स्किनर यांना जाणवले आणि त्यांनी एक शिकवणारे यंत्र तयार केले. पुढे १९६५-६६ या वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॅट्रिक सपीझ यांनी शाळेत दूरमुद्रक यंत्रे बसवून ती दूरध्वनीच्या तारेने विद्यापीठातील संगणकाला जोडली, आणि मुलांना रोज काही मिनिटे अंकगणिताचा सराव दिला. आज आपण ज्याला ऑनलाइन सराव म्हणतो, त्याचा हा आरंभ होय. म्हणजे ही कल्पना काल-परवाची नाही. साठ वर्षांची आहे. नवे आहे ते एवढेच, की ते यंत्र आता खिशात मावते.

उत्तम ऑनलाइन साधनात चार गुण असावे लागतात. पहिला, तत्काळ निर्णय. चूक झाली की योग्य उत्तर लगेच दिसावे आणि तोच प्रश्न थोड्या वेळाने फिरून यावा. दुसरा, उत्तर मुलाने स्वतः आठवून लिहावे. चार उत्तरे समोर मांडून त्यांतील एक निवडावयास सांगितले तर मूल आठवत नाही, ओळखते. आणि ओळखणे हे आठवण्याहून पुष्कळ सोपे असते. तिसरा गुण कालांतराचा. जर्मन शास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवून दिले होते, की एका बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसादिवसांच्या अंतराने वाटून केलेली उजळणी अधिक टिकते. कोणती जोडी मुलाला कधी चुकली आणि ती पुन्हा कधी विचारावी, याची नोंद चाळीस मुलांच्या वर्गातील गुरुजी ठेवू शकत नाहीत. यंत्र ती सहज ठेवते. चौथा गुण निवडीचा. एका वेळी दोन-तीनच अनोळखी जोड्या घ्याव्यात आणि त्या ओळखीच्या जोड्यांत मिसळून विचाराव्यात, म्हणजे मूल खचत नाही. छापील पत्रिका सर्व मुलांना एकच असते. येथे प्रत्येकाची पत्रिका निराळी होते, आणि तीही रोज नवी.

इंग्लंडमध्ये तर या तयारीची परीक्षाच पडद्यावर घेतली जाते. २०२२ पासून तेथील सरकारी शाळांत चौथ्या इयत्तेच्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना बारापर्यंतच्या पाढ्यांवर २५ प्रश्न विचारले जातात. प्रत्येक उत्तराला ६ सेकंद मिळतात. पहिल्या वर्षी सरासरी १९.८ गुण पडले. या परीक्षेमुळे तेथे पाढ्यांच्या सरावाची अनेक ऑनलाइन साधने घरोघर पोचली. अमेरिकेतील ‘एक्स्ट्रामॅथ’ हे ना-नफा तत्त्वावर चालणारे साधन आणखी काटेकोर आहे. तीन सेकंदांच्या आत बरोबर उत्तर आले तरच ती जोडी पाठ झाली, असे ते सामान्यतः मानते. तीन सेकंदांत मोजून होत नाही, आठवावेच लागते, हे त्यामागचे तर्कशास्त्र.

पण परदेशातील उदाहरणांपेक्षा आपल्या भूमीवरील प्रयोग आपल्याला अधिक शिकवतात. वडोदरा शहरातील नगरपालिकेच्या शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने २००२ ते २००४ या काळात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ खेळावयास दिले. एका संगणकापुढे दोन मुले बसत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचे मोजमाप करून २००७ साली ते प्रसिद्ध केले. दुसऱ्या वर्षाअखेर झालेली प्रगती सोप्या भाषेत सांगायची तर अशी : शंभर मुलांच्या रांगेत मधोमध, पन्नासाव्या जागी असलेले मूल अडुसष्टाव्या जागेपर्यंत वर सरकले. हा लाभ मोठा होता. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पुन्हा पाहिले, तेव्हा त्यातील बराच भाग ओसरलेला आढळला. सराव सुटला की विद्या सुटते, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे अशा रीतीने आकड्यांतही उतरले.

दुसरा प्रयोग याहून बोलका आहे. गुजरातमध्येच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या दुसरी-तिसरीच्या वर्गांत संगणकाचा सराव दोन प्रकारे देऊन पाहण्यात आला. काही ठिकाणी तो शाळेच्या वेळेत, नेहमीच्या शिकवण्याच्या जागी होता. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर, शिकवण्याच्या जोडीला. ली लिंडन यांनी २००८ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार शिकवण्याच्या जागी संगणक आला तेथे मुले बरीच मागे पडली, आणि जोडीला आला तेथे पुढे गेली. विशेषतः जी मुले कच्ची होती, ती. तीच मुले, तेच यंत्र, तेच खेळ. फरक होता तो केवळ स्थानाचा. चांगल्या शिक्षकाचा तास काढून त्या जागी पडदा बसवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. रिकाम्या वेळेत तोच पडदा उपकारक ठरतो. कोणत्याही शाळेने अशी साधने विकत घेण्यापूर्वी हा निष्कर्ष दोनदा वाचावा.

तिसरा प्रयोग दिल्लीचा. ‘माइंडस्पार्क’ या भारतीय साधनावर सहावी ते नववीच्या मुलांनी शाळेनंतर केंद्रात जाऊन साडेचार महिने अभ्यास केला. प्रवेश सोडतीने दिलेला असल्यामुळे तुलना चोख झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गणिताची प्रगती लक्षणीय दिसली. आणि तिचे मुख्य कारण असे सांगितले गेले, की यंत्र इयत्ता पाहत नव्हते, मूल कोठे अडले आहे ते पाहत होते. सातवीतील मुलाला जर चौथीचा भागाकार येत नसेल, तर वर्गात सर्वांदेखत त्याला चौथीचे उदाहरण देणे शिक्षकाला अवघड आणि मुलाला अपमानाचे वाटते. पडद्यापुढे तो संकोच उरत नाही. तेथे ना कोणी हसते, ना कोणी रागावते. या साधनांचा हा सर्वांत मोठा उपकार म्हणावा लागेल.

आता उणिवांकडे वळू. बाजारात ‘गणिताचे खेळ’ म्हणून जी साधने मिळतात, त्यांत खेळ पुष्कळ आणि गणित थोडे असे वारंवार आढळते. दहा मिनिटांत मुलाने राक्षस मारले किती, नाणी गोळा केली किती आणि गुणाकार केले किती, हे पालकांनी एकदा शेजारी बसून मोजावे. दहा मिनिटांत पाच-सहाच गुणाकार होत असतील, तर साध्या कागदावर याहून अधिक काम झाले असते. दुसरी गोष्ट घड्याळाची. वेळेच्या बंधनाने सराव चुरचुरीत होतो हे खरे. पण जे मूल आधीच धास्तावलेले आहे, त्याच्या मनात ती धास्तीच स्मृतीची जागा अडवते आणि येत असलेले उत्तरही सुचेनासे होते. मार्क अ‍ॅशक्राफ्ट यांच्या संशोधनाने ही गोष्ट पुढे आणली आहे. म्हणून ज्यात घड्याळ बंद करता येते ते साधन निवडावे; अचूकता आधी आणि वेग नंतर, हा क्रम ठेवावा. तिसरी गोष्ट विनामूल्यतेची. फुकट मिळणाऱ्या पुष्कळ साधनांत जाहिरातींचा मारा असतो आणि मुलाची माहितीही गोळा होते. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणविषयक कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. तरीही मुलाचे पूर्ण नाव, शाळा आणि छायाचित्र मागणाऱ्या साधनापासून दूर राहणेच शहाणपणाचे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उपस्थित होतो, तो भाषेचा. पाढा हा अंकांत नव्हे, शब्दांत आणि नादात लक्षात राहतो. एलिझाबेथ स्पेल्की आणि सॅना त्सिव्हकिन यांनी २००१ साली दोन भाषा जाणणाऱ्या माणसांवर प्रयोग करून दाखवले, की नेमकी संख्यातथ्ये ज्या भाषेत शिकावीत त्याच भाषेत ती चटकन आठवतात. दुसऱ्या भाषेत विचारली तर वेळ लागतो. मराठीत एकक आधी येतो आणि दशक नंतर : सदुसष्ट म्हणजे सात आणि साठ. हिंदी व गुजरातीत तोच क्रम आहे. इंग्रजीत विसाच्या पुढे, आणि कानडी-तेलुगूत, आधी दशक येतो. इंदूर किंवा वडोदऱ्याच्या मराठी मुलाला जी अडचण जाणवत नाही, ती बंगळूर किंवा हैदराबादच्या मुलाला जाणवते ती यामुळे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन सुचवले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद माजला हे अनेकांच्या स्मरणात असेल. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी मुलांना जोडाक्षरी संख्यानामे कठीण जातात, ही बाजू मांडली होती. त्या वादाच्या निवाड्यात आज शिरण्याचे कारण नाही. पण एवढे खरे, की प्रचलित ऑनलाइन साधने बहुतांशी इंग्रजी आहेत, आणि बे दुणे चार, बे त्रिक सहा यांतील ठेका त्यांच्याजवळ नाही. मूल ज्या भाषेत शाळेत गणित शिकते, त्या भाषेत त्याचा सराव पक्का व्हावा. आणि घरी आजी-आजोबांनी मराठी पाढा म्हणून घ्यावा. दोन्ही राहू शकतात. मात्र सुरुवातीला एकाच बैठकीत दोन्ही भाषांची सरमिसळ करू नये.

शेवटी साधनांच्या विषमतेचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ‘असर’च्याच २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण घरी फोन असणे आणि तो पाढ्यांसाठी लहान मुलाच्या हाती येणे, यांत अंतर आहे. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. अशा घरी हताश होण्याचे कारण नाही; कारण पडद्याचे जे खरे गुण आहेत, ते कागदाच्या चिठ्ठ्यांतही आणता येतात. १९७२ साली सेबास्टियान लाइटनर यांनी सुचवलेली रीत अशी : प्रत्येक चिठ्ठीच्या एका बाजूस ‘७ गुणिले ८’ असे लिहावे आणि मागे ‘५६’. तीन खोकी घ्यावीत. सर्व चिठ्ठ्या पहिल्या खोक्यात असतात आणि तो रोज विचारला जातो. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी दुसऱ्या खोक्यात जाते. तो दोन-तीन दिवसांनी उघडावा. तेथेही बरोबर आले की तिसऱ्यात. तो आठवड्याने उघडावा. कोठेही चुकले की चिठ्ठी पुन्हा पहिल्यात. तत्काळ निर्णय, आठवण्याचा प्रयत्न, कालांतर आणि निवड, हे चारही गुण यात आले. आणि खर्च म्हणाल तर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचा.

साधन कोणतेही असो, दिवसाला दहा मिनिटे पुरेत, पण ती रोजची असावीत. आधी वस्तू मांडून अर्थ समजवावा, मग युक्त्या शिकवाव्यात आणि त्यानंतरच सरावाला बसवावे. आठवड्यातून एकदा पडदा बंद करून मुलाला बाजारात न्यावे आणि सात रुपयांची आठ लिंबे घेतली तर किती द्यायचे, हे त्यालाच विचारावे. बॅनर्जी-डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणारी मुले तोंडी हिशेब चोख करतात, पण तेच गणित शाळेच्या रीतीने मांडले की अडतात; आणि शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब जड जातात. पडद्यावर पक्के झालेले गणित आपोआप बाजारात उतरत नाही. तेथवर ते कोणीतरी हात धरून न्यावे लागते. हे काम यंत्राचे नव्हे. कागदाने गुरुजींची तपासणी मागितली आणि पडद्याने तेवढी माफ केली. शेजारी बसणाऱ्या माणसाला मात्र त्याने सुट्टी दिलेली नाही. परवच्याच्या वेळी घरातले कोणीतरी ऐकत बसलेले असे. ते ऐकणारे माणूस आजही लागतेच.